कुरतडलेल्या कडा

८ जानेवारी

आज एका दगडाला शिवी घातली आणि मग त्याची माफीही मागितली. बारा महिन्यांत इतकं देखणं पान भिंतीतून निघालं नव्हतं. वीतभर लांब, देठासकट. छिन्नीवर एक ठोका जास्त पडला आणि बरोबर मधोमध दोन तुकडे झाले. चूक माझी, शिवी दगडाला.

ही वही खरं तर मोजणीची. संग्रहालयातल्या आमच्या मॅडम म्हणतात, मोजणीच्या वहीत मनातलं लिहायचं नाही. म्हणून उलटी धरून मागून लिहितोय. माणसाने नियम पाळावेत तर असे.

कामाचं एकदा लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी वाचताना मीच गोंधळणार नाही. उष्ण मुलखात बहुतेक झाडांच्या पानांच्या कडा सरळ असतात, थंड मुलखात दातेरी. एखाद्या जुन्या थरात सरळ कडेच्या जाती किती आणि दातेरी किती, एवढं मोजलं की त्या काळी वर्षाची सरासरी उष्णता किती होती ते काढता येतं. खाणीतली उत्तरेकडची भिंत म्हणजे चार कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा चिखल. त्यात पानं घडी घालून ठेवल्यासारखी आहेत. एकेक पापुद्रा उचकटायचा, ठसा सापडला की लादी घरी आणायची, पातळ कागदावर कड गिरवायची.

भिंत उभी आहे ती दाजींमुळे. दाजी म्हणजे ताईचे यजमान, खाणीचे मुकादम. सुरुंग कुठे लावायचा ते तेच ठरवतात. मालकाला दगड हवा असतो, पण दाजींनी त्या भिंतीला कुणाला बोट लावू दिलेलं नाही. "मेहुण्याची बाग आहे ती," असं सगळ्यांना सांगतात. मजूर मला पाचोळासाहेब म्हणतात, तेही त्यांचंच बारसं.

दुपारी झेंडीवाल्याची दोन बोटं गेली. सुरुंगाआधी भोंगा होतो आणि हा लाल झेंडी घेऊन रस्ता अडवतो, एवढंच त्याचं काम. आज वळणाच्या अलीकडे थांबायचा तो पलीकडे थांबला. नारळाएवढा दगड आला आणि झेंडीच्या काठीसकट हात कातळावर चेचला गेला. दाजी धावत गेले, स्वतःचा रुमाल करकचून बांधला, रक्त थांबवलं, आणि गाठ मारून झाल्यावर त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की माणूस मटकन खाली बसला. "झोपला होतास?" एवढंच बोलले. बोटं शोधायला कुणी गेलं नाही. मी गेलो, तर एकच सापडलं. दाजींचा धाक जबर आहे, आणि तसा नसता तर तिथे रोज एक मेला असता.

१९ जानेवारी

ताई न कळवता आली. हातात गच्च भरलेली पिशवी, बाजारातून आली असावी, भाजीबिजी असणार. पिशवी तिने दाराशीच ठेवली, आत आणली नाही. डाव्या भुवईवर चीर पडलेली. म्हणाली, कपाटाचं दार लागलं. लहानपणापासून धांदरट.

तिला ते मोडकं पान दाखवलं. तिने दोन्ही तुकडे हातात घेऊन बघितले, गोंद मागितला, आणि असे जुळवले की सांधा भिंगाखालीसुद्धा शोधावा लागतो. गोंदाचा थेंब बाहेर नाही. माझे हात असे असते तर मी कुठल्या कुठे गेलो असतो. मग मी तिला तासभर त्या पानाबद्दल सांगत बसलो आणि तिने ऐकूनही घेतलं. मध्येच म्हणाली, "तुझी ती आतली खोली रिकामीच असते ना?"

"रिकामी कसली? लाद्यांनी भरलीय. जमीन दिसत नाही."

ती हसली. "तरीच," म्हणाली, आणि चहा अर्धा टाकून निघाली. पिशवी विसरत होती, मीच आठवण केली.

२ फेब्रुवारी

पहिला आकडा काढला. छत्तीस जाती, त्यातल्या सतरा सरळ कडेच्या. वर्षाची सरासरी साडेपंधरा अंश.

मॅडमनी कागद बघितला आणि चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजावं, आपली काही खैर नाही. "त्याच थरात ताडाच्या जातीचं पान मिळालंय," म्हणाल्या. "ताडाला एवढी थंडी मानवत नाही. तुमची सगळीच झाडं करवत घेऊन कशी उभी?"

मी म्हटलं, मोजलं ते मोजलं. त्या म्हणाल्या, पुन्हा मोजा. मी म्हटलं, तेरा महिने उन्हात गुडघे कुणी फोडलेत. आवाज चढला. बाहेर पडताना दार इतक्या जोरात ओढलं की काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. पहारेकरी काहीतरी बोलला तर त्याची कॉलर धरली. म्हातारा माणूस. त्याच्या शर्टाचं बटण तुटून माझ्या हातात आलं, ते अजून खिशात आहे. उद्या नेऊन देईन. राग आला की माझे हात माझे राहत नाहीत, घराण्याचीच देणगी आहे.

११ फेब्रुवारी

ताई आली. चार दिवस राहते म्हणाली. ओठ सुजलेला. पायरीवरून घसरली. मी म्हटलं, तुमच्या घराला पायऱ्या दोनच, त्यांच्यावरून इतक्या वेळा कोण पडतं? तिने भिंग पुसायला घेतलं. तिला बाहेरच्या खोलीत टेबलाखालच्या जागेत गादी घालून दिली. दुसरीकडे जागा नव्हती.

१२ फेब्रुवारी

सकाळी दाजी आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. माझ्यासाठी नवी छिन्नी आणली, पोलादी, खाणीच्या लोहाराकडून मुद्दाम पाणी देऊन घेतलेली. "घर खायला उठतंय हो," म्हणाले. "हिच्याशिवाय साधा डबा सापडत नाही." मग बसून पानं बघितली, दोन विनोद केले. निघताना म्हणाले, "मालकाचा फोन होता. भिंतीचं विचारत होते. म्हटलं बघतो." आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

किती सांभाळून घेतो हा माणूस, असं वाटलं. त्याच्या जागी दुसरा असता तर कधीच भिंत उडवून मोकळा झाला असता. ते बाहेर जाऊन थांबले तेव्हा मी ताईला म्हटलं, नवराबायकोत व्हायचंच, एवढे घ्यायला आलेत तर जा.

तिने टेबलावरच्या लाद्यांकडे बघितलं. "तुझं काम अजून किती दिवसांचं आहे?"

"भिंतीचं? चार-पाच महिने तरी."

"बरं," म्हणाली आणि पिशवी उचलली. माझ्या कामात एवढा रस दुसरं कुणी घेत नाही.

३ मार्च

ताई पुन्हा आली आणि पुन्हा गेली, सगळं चार तासांत. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. कानात पाणी गेलंय म्हणाली. दुपारी दाजींचा फोन, की मालक सोमवारी स्वतः येणार आहेत, भिंतीजवळ उभं राहून काय सांगायचं ते ठरवायला हवं आणि इथे घरात चूल पेटलेली नाही. मीच तिला गाडीने सोडून आलो. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती. डाव्या बाजूने बोललो ते तिला कळलं नसावं.

येताना उगाच बाबा आठवले. बाबांचा पट्टा खुंटीला असायचा. तो खुंटीवरून निघाला की ताई माझ्यापुढे येऊन उभी राहायची. ती तेव्हा अकरा वर्षांची असेल. शाळेत बाईंनी विचारलं की ती सांगायची, झाडावरून पडले. आमच्या दारात एकही झाड नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

हे कशासाठी लिहिलं कळत नाही. मोजणी अडलीय, त्यामुळे डोकं भटकतंय.

१४ मार्च

मेलो. मॅडम बरोबर होत्या.

त्यांनी माझे गिरवलेले कागद बाजूला सारले आणि म्हणाल्या, मूळ लाद्या आणा. सहा लाद्या नेल्या. भिंगाखाली धरून म्हणाल्या, "हे दात कुणी दिले याला?"

"त्यालाच होते."

"दात झाडाने दिलेला असला तर त्यात शीर जाते. ही शीर बघा, खाचेपाशी येऊन तुटलीय. आणि ही खाचेच्या काठाची जाड रेघ दिसतेय? किड्याने कुरतडलंय हे. पान झाडावर जिवंत असताना. मग जखम भरली, म्हणून काठ जाड झाला. मेल्यावर फाटलं असतं तर रेघ आलीच नसती. तुम्ही जखमा मोजल्यात, दात म्हणून."

मी फक्त कडा गिरवत होतो. शिरा आणि काठ कागदावर उतरतच नव्हते, आणि नंतर मी कागदच मोजत होतो. आकार बघितला, कशाने झाला ते विचारलं नाही. पोरसवदा विद्यार्थी करतील अशी चूक, आणि ती चौदा महिने रोज केली.

घरी येऊन हाताला लागली ती लादी भिंतीवर फेकली. त्यावर चांगलं पान होतं.

१५ मार्च

सगळ्या लाद्या पुन्हा बघितल्या. सहा जाती दातेरी म्हणून धरल्या होत्या त्या सरळच निघाल्या. सतराच्या तेवीस झाल्या. सरासरी पावणेएकवीस अंशांच्या आसपास. ताडाला चालण्यासारखी.

आता डोळा असा बसलाय की जखम कुठली, दात कुठला, फाटलेलं कुठलं ते लांबून कळतं. इतके दिवस कसं दिसलं नाही याचंच नवल वाटतं. फक्त एवढ्या कमी जातींवर चूक मोठी राहते, अजून बारा-चौदा तरी हव्यात. भिंतीत त्या आहेत.

२६ मार्च

इस्पितळातून आत्ता आलो. ताईचा उजवा हात मनगटाच्या वर दोन जागी मोडलाय. तिला झेंडीवाल्याने आणून सोडलं. तो खाणीतून घरी जाताना ती रस्त्याच्या कडेला बसलेली दिसली. त्याचा हात अजून पट्टीत, हिचा असा. दोघांत मिळून एक धड जोडी.

ताई म्हणाली, मोरीत पाय घसरला. डॉक्टर तरुण होता. त्याने क्ष-किरणाचा फोटो दिव्यासमोर धरला आणि मला जवळ बोलावलं. "हे आजचं," म्हणाला. "आणि हे खालचं हाड पूर्वी मोडून तसंच वाकडं जुळलंय. काठ बघा, जाड झालाय. वर्ष झालं असेल."

मी तो काठ बघितला. ओळखीचा होता.

घरी आणल्यावर तिला खिडकीजवळ बसवलं. म्हटलं, ताई, जरा हात बघू. ती नाही म्हणाली नाही. मी बाही वर केली आणि भिंग घेतलं. दुसरी रीत मला येत नाही. डावी भुवई, जुनी, भरलेली, काठ जाड. ओठ आतून, भरलेला. डाव्या दंडावर चार बोटांच्या खुणा, पिवळ्या पडत आलेल्या. त्यांच्याच वर चार, ताज्या, निळ्या. मानेमागे गोल डाग तीन, वेगवेगळ्या वेळचे, विडीच्या टोकाएवढे. कानाच्या पाळीमागे जुळलेली चीर. पाठ तिने दाखवली नाही.

"किती झाले?" तिने विचारलं.

"हाडांचे तीन धरून अकरा."

"पाठीवरचे धरले नाहीस," ती म्हणाली.

आतली खोली रिकामी केली. सगळ्या लाद्या बाहेर आणून रचल्या. तासाभराचं काम होतं.

२७ मार्च

सकाळी हातोडा घेऊन खाणीत गेलो. रागाने गेलो असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे दुसरं काही सुचलं नाही.

दाजी चहा पीत होते. "या पाचोळासाहेब." मी विचारलं, ताईचा हात कुणी मोडला? ते हसले. "तुम्ही मोजणारे. मोजा की."

मी मारला. डोक्यावर नेम होता, खांद्यावर बसला आणि घसरून कान फाटला. त्यांनी कानाला हात लावून रक्त बघितलं. मग लहान मुलाच्या हातातून खेळणं काढावं तसा माझ्या हातातून हातोडा काढून लांब फेकला आणि सुरुवात केली. पहिला गुद्दा पोटात. दुसरा जबड्यावर, एक दाढ तिथेच जिभेवर आली. मी पडलो. मग बूट बरगड्यांवर, एक, दोन, तीन. मी मोजत होतो, सवय. तिसऱ्याला आत काहीतरी कट्ट झालं. मजूर फावडी धरून गोल उभे होते. त्यांच्यातला एकही हलला नाही. त्यांना मी दोष देत नाही. मी चौदा महिने त्यांच्याच रांगेत उभा होतो.

शेवटी झेंडीवाला मध्ये आला. "मुकादम, मरेल तो." त्यालाही लाथ बसली, पण तो हटला नाही.

मग दाजी माझ्याजवळ उकिडवे बसले. रुमालाने माझं तोंड पुसलं, अगदी हळू. झेंडीवाल्याचा हात बांधला होता त्याच रुमालाने. म्हणाले, "शुक्रवारी बाराचा भोंगा. तोवर ती घरी आली तर भिंत उभी. नाही आली तर भिंत आडवी. तुम्ही हिशेबी माणूस आहात, हिशेब करा."

२८ मार्च

केला.

श्वास घेताना दुखतं, त्यामुळे झोपूनच करता आला. अजून बारा-चौदा जाती मिळाल्या तर आकडा भक्कम होईल. त्याला तीन महिने लागतील. तीन महिन्यांत तो तिला किती वेळा मारेल? आत्तापर्यंतचा वेग महिन्याला दोन. म्हणजे सहा. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे कदाचित चार.

हे मी लिहिलं. हे माझं अक्षर आहे.

दोनदा मी तिला परत पाठवलं. दोन्ही वेळा भिंतीसाठी पाठवलं आणि दोन्ही वेळा स्वतःला दुसरं कारण सांगितलं. मला दिसत नव्हतं असं नाही. मी गिरवत होतो.

मोरीत जाऊन ओकलो. बरगडीमुळे धड ओकताही येत नव्हतं. आतून ताईने विचारलं, "लिंबू देऊ का?" तिला मी काही सांगितलं नाही, शुक्रवारचंही नाही.

२९ मार्च

दुपारी बघतो तर ताई डाव्या हाताने पिशवी भरत होती.

"कुठे निघालीस?"

"उद्या बाराच्या आत पोचायला हवं ना."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. फोन केला सकाळी. दर वेळी करतो. भिंत हवीय का तुझ्या भावाला, म्हणून विचारतो."

"दर वेळी?"

"मग तुला काय वाटलं, मी संसार टिकवायला जात होते?" ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "तुला आयुष्यात हे एवढंच धड जमलंय. तेही गेलं तर तू दिवसभर माझं डोकं खाशील. सांग, अजून किती राहिलंय? मनाची तयारी करायला बरं पडतं."

मी म्हटलं, "झालं."

"काय झालं?"

"काम. पानं पुरली. आता भिंत राहिली काय, गेली काय."

"खरं?"

"मॅडमना विचार."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "बाबांनासुद्धा असंच सांगायचास," म्हणाली. "अभ्यास झाला म्हणून." मग पिशवी उलटी केली आणि एकेक कपडा काढून पुन्हा फळीवर ठेवला. घड्या घालायला मी मदत केली. मला घडी नीट येत नाही, तिने दोन परत उलगडल्या.

आजवर एकही आकडा मी खोटा सांगितला नव्हता. याची लाज वाटत नाही.

३० मार्च, शुक्रवार

बाराला भोंगा झाला. मी टेबलापाशी बसलो होतो, ताई समोर शेंगा निवडत होती. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. खिडकीची तावदानं थरथरली, टेबलावरचं भिंग सरकत काठापर्यंत आलं आणि तिने ते तळहाताने अडवलं. मग दुसरा धमाका. मग तिसरा. एक भिंत उडवायला तीन सुरुंग लागत नाहीत.

"पुरली होती ना?" तिने विचारलं.

"पुरली होती."

तिला रडू आलं. मला नाही आलं. ते आधीच होऊन गेलं होतं.

दीड वाजता ते आले. दाराला पहार लावली, कडी एका हिसक्यात निघाली. मी ताईला आतल्या खोलीत ढकललं आणि तिच्या दारात उभा राहिलो. दाजींना वाटलं मी लाद्यांकडे धावेन. त्यांनी पहिली लादी उचलून माझ्याकडे बघत जमिनीवर आपटली. मी हललो नाही. दुसरी. मग पहारच चालवायला लागले. रचलेल्या चवडीच्या चवडी कोसळत होत्या, चार कोटी वर्षांची पानं खोलीभर उडत होती, धुळीने दाजींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ताईने जुळवलेलं ते वीतभर पान मी त्यांच्या बुटाखाली चुरा होताना बघितलं. "हल की," ते ओरडत होते, "हल. तुझी पानं आहेत ना ती."

हललो नाही तेव्हा ते माझ्यावर आले. पहार खांद्याच्या हाडावर बसली. मी दारातच कोसळलो, आणि माझ्यावरून पाय टाकून ते आत जाणार एवढ्यात ताई समोर आली. डाव्या हातात माझा हातोडा होता. काल झेंडीवाल्याने खाणीतून आणून दिला होता.

तिने गुडघ्यावर मारला. एकदाच. इतका नेमका ठोका मला चौदा महिन्यांत एकदाही मारता आला नव्हता. पहार खणखणत पडली, मग ते पडले. खूप वेळ किंचाळत होते. ताई हातोडा तसाच धरून उभी होती. शेजारच्यांनी पोलिसांना बोलावलं.

२ एप्रिल

चौकीत गेलो होतो. फौजदार बाई आहेत, माझ्या वयाच्या, कोरड्या पण नीट ऐकणाऱ्या. म्हणाल्या, "मुकादमाने इस्पितळातून तक्रार दिलीय. बायकोने गुडघा फोडला, मेहुण्याने आधी खाणीत येऊन हातोडा मारला. साक्षीदार वीस आहेत. तुमच्याकडे काय आहे?"

मी ताईच्या जखमांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जखमा दिसतात. पण कधीच्या, कशाने, ते कोण सांगणार? शेजारी म्हणतात ही बाई सारखी पडते. तारखा असतील तर मला उभं राहता येईल. नाहीतर दोन्हीकडची मारामारी म्हणून लिहिलं जाईल, आणि तुमच्या बहिणीला आत जावं लागेल."

तारखा आहेत. सगळ्या आहेत. भुवई, १९ जानेवारी. ओठ, ११ फेब्रुवारी. कान, ३ मार्च. प्रत्येक वेळी ती काय म्हणाली तेही आहे. मी काही समजून न घेता सगळं टिपून ठेवलंय, त्या कागदांवरच्या कडांसारखं. बाई म्हणाल्या, उद्या दहाला वही आणून द्या, पूर्ण, आहे तशी.

घरी येऊन २८ मार्चचं काढलं. ते कोर्टात मोठ्याने वाचलं जाईल. ताई समोर बसलेली असेल. तेवढं एक फाडावं असं वाटलं. बोटात धरलंही होतं. पण फाडलेली कड लगेच ओळखू येते, निदान मला तरी. आणि एक फाटलेलं दिसलं की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? मॅडम आजच म्हणाल्या, ठसे नसतील तर तुमचा पावणेएकवीस कुणी मानणार नाही. लाद्या गेल्या. हे एक तरी शाबूत राहू दे.

ताईला वही दिली आणि म्हटलं, चौकीत जाण्याआधी तू वाच. मी बाहेर जातो.

पहारेकऱ्याला त्याचं बटण देऊन आलो. दोन महिने उशीर झाला.

३ एप्रिल

सकाळी वही टेबलावर होती. ताई आतल्या खोलीत झोपलेली, दार बंद करून.

तिने समासात लिहिलंय. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलीसारखं मोठं, वेडंवाकडं. ११ फेब्रुवारीच्या बाजूला, 'पायरी नाही. बूट.' ३ मार्चच्या बाजूला, 'पाणी नाही. थप्पड, चार.' २६ मार्चला, 'मोरी नाही. दारात हात धरून दार लावलं.' खाली, 'पाठीवर नऊ. बाईंना दाखवीन.'

२८ मार्च उघडायला मला बराच वेळ लागला. तिथे तिने माझ्या हिशेबाला काही म्हटलेलं नाही. सहा आणि चार तसेच आहेत. फक्त 'दोनदा मी तिला परत पाठवलं' यातलं 'दोनदा' खोडून वर 'तीनदा' लिहिलंय.

मी उलट मागे चाळत गेलो. तिसरी वेळ मला आठवेना. ११ फेब्रुवारीच्या मागे फक्त आकडे आणि मॅडमशी झालेलं भांडण. त्याच्याही मागे १९ जानेवारी. कपाटाचं दार, गोंद, चहा, गच्च भरलेली पिशवी. समासात दोनच शब्द होते. 'भाजी नव्हती.'

साडेनऊ झालेत. ताई उठलीय, आत तिची पावलं ऐकू येतायत. दहाला वही द्यायची आहे.